पाऊल ओळखणारी माती

आमच्या एकोडीत 'मामा' या एका शब्दाने मोठा घोळ घालून ठेवला आहे. भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातले हे गाव म्हणजे माझे आजोळ. तेथे माझे मामा राहतात. त्यांच्या लेकीची लेक, म्हणजे माझी भाची, मला मामा म्हणते. शिवाय या भागात जुन्या मालगुजारांच्या वेळचे जे तलाव आहेत, त्यांना सरकारी कागदांत 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात. त्याचे लघुरूप झाले 'मामा तलाव'! त्यामुळे दिवाळीला सगळे जमलो, की "मामा कुठे आहेत?" या साध्या प्रश्नाला "मामा मामांना घेऊन मामावर गेले" असे उत्तर मिळते आणि घरात नवा आलेला जावई पार भांबावून जातो. घरच्या माणसाला मात्र कोणता मामा कोणता, ते बरोबर कळते.

नाव एक आणि धनी अनेक असले, की अशी गंमत होते. पण चेहरे जवळजवळ सारखे आणि गुण निराळे असले, तर ओळखण्यातली चूक जिवावर बेतू शकते. ही गोष्ट मला कळली २०१९ सालच्या पावसाळ्यात, आणि तीही याच मामांच्या आजारपणात. मी मराठीचा प्राध्यापक. रसायनशास्त्राने आणि मी दहावीनंतर एकमेकांचा आनंदाने निरोप घेतला होता. परंतु त्या आजारपणाच्या निमित्ताने या शास्त्रातली एक युक्ती माझ्या कानावर आली आणि ती मला इतकी भावली, की ती आपल्या माणसांना सांगितल्यावाचून राहवत नाही.

मामांना दम्याचा विकार जुना. थिओफायलिन नावाच्या औषधाची गोळी ते कित्येक वर्षे घेत होते. जोडीला बिडीही होती. भंडारा-गोंदिया हा तेंदूपत्त्याचा आणि बिडीचा मुलूख. मामांची बिडी त्यांच्या लग्नाच्याही आधीची, आणि मामींना ती सवतीसारखी वाटे. त्या वर्षी पाऊस लागण्याच्या सुमारास नातीने गळ्याची शपथ घातली आणि पंचाहत्तरीला टेकलेल्या मामांनी बिडी सोडली. सोडली ती एकदम! घरभर आनंदीआनंद झाला. मामींनी मारुतीला नारळ फोडला.

आणि थोड्याच दिवसांत मामा आजारी पडले. प्रथम मळमळ, मग वांत्या. झोप उडाली. चहाचा कप हातात धरला, की बशीवर खडखड वाजे. छातीत धडधड होई. सर्वांनी एकमुखाने निदान केले, की बिडी सुटल्याचा हा त्रास आहे. "बापू," मामा मला फोनवर म्हणाले, "मी बिडी सोडली, पन बिडी मले सोडत नाई." गावातल्या एका अनुभवी गृहस्थाने तर दिवसाला दोन बिड्या औषध म्हणून ओढाव्यात, असा सल्लाही दिला. शेवटी एका रात्री धडधड फारच वाढली, तेव्हा गाडी करून त्यांना नागपूरला आणले.

तेथे रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी मामांची नाडी हातात धरूनच तीन प्रश्न विचारले. दम्यासाठी कोणती गोळी घेता? दिवसाकाठी चहा किती? आणि बिडी कधी सोडली? जीव टांगणीला लागलेला असताना या चहापाण्याच्या चौकशा कशाला, म्हणून मी मनातून चिडलो होतो. पण त्यांचा रोख बरोबर होता.

त्यांनी सांगितले ते असे. तंबाखूच्या धुरामुळे आपले यकृत थिओफायलिनचा निकाल फार भराभर लावते. म्हणून बिडी ओढणाऱ्या माणसाला त्या औषधाचा डोस जास्त लागतो. बिडी सुटली, की काही दिवसांतच यकृताचा हा वेग मंदावतो. गोळी तीच, वेळ तीच, पण औषध शरीरात साचू लागते. शिवाय हे औषध मोठे मानी. त्याचा गुण येणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांत अंतर थोडे. रक्ताच्या एका मिलिलिटरमागे साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम, ही पुस्तकातली जुनी मर्यादा. हल्ली बरेच डॉक्टर त्याहूनही कमीवर समाधान मानतात. वीसच्या वर गेले, की मळमळ, कंप, धडधड. आणि फारच वर गेले, तर झटके येऊन प्राणावर बेतते.

म्हणजे माणसाने आयुष्यातली एक चांगली गोष्ट केली आणि त्या चांगुलपणानेच रोजची गोळी विषासारखी झाली! बिडी सोडल्याचे साऱ्या एकोडीला ठाऊक होते. ठाऊक नव्हते फक्त गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना, कारण ते सांगावे असे आम्हांला कोणालाच सुचले नव्हते. (कोणा वाचकाच्या घरी ही गोळी असेल, तर एवढे जरूर ध्यानात ठेवावे. बिडी-सिगारेट सोडायचीच, पण सोडताना डॉक्टरांना सांगायचे. आणि गोळी आपल्या मनाने कमीजास्त करायची नाही.)

गोळी तत्काळ थांबविली गेली. उपचार सुरू झाले. मामांचे रक्त, त्यातले औषध मोजण्यासाठी, बाहेरच्या प्रयोगशाळेत गेले. ही तपासणी नेहमीची नव्हे, म्हणून अहवालाला तीन दिवस लागले. ते तीन दिवस मी आणि भाची दवाखान्याच्या बाकावर बसून होतो. ती पुण्याला रसायनशास्त्रात संशोधन करते. वेळ जाता जाईना, तेव्हा मी तिला विचारले, "डॉक्टरांनी चहाचे का ग विचारले?"

"कारण चहातले कॅफीन आणि आबाजींच्या गोळीतले थिओफायलिन ही सख्खी भावंडे आहेत, मामा," ती म्हणाली. "थिओफायलिन पहिल्यांदा सापडले तेच मुळी चहाच्या पानांत, १८८८ साली. कोसेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला."

तिने पाठकोऱ्या कागदावर दोन आकृत्या काढल्या. मला त्या दोन्ही एकच दिसल्या. मग तिने बोट ठेवून फरक दाखविला. दोन्ही रेणूंचा सांगाडा एकच. त्या सांगाड्यावर एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचे छोटे छोटे गोंडे लागलेले असतात. त्यांना मिथिल गट म्हणतात. थिओफायलिनला असे दोन गोंडे, कॅफीनला तीन. बस्स! पहिल्याचा रेणुभार १८०, दुसऱ्याचा १९४. एवढ्या एका गोंड्याच्या फरकाने एक जण दम्याचे औषध होतो आणि दुसरा सकाळची तरतरी.

"मग आबाजींनी दिवसाला सात कप चहा ढोसलेला, त्या रक्तातून यंत्र नेमके औषधच कसे मोजणार?"

"तोच तर प्रश्न आहे," ती म्हणाली. "ओळख पटली पाहिजे. त्यावर एक फार सुंदर युक्ती आहे. दिवाळीला एकोडीला या, तिथे दाखवीन. इथे दाखविण्यासारखी माती नाही."

अहवाल आला. आकडा वीसच्या बराच वर होता. तोपर्यंत मामांची धडधड उतरली होती आणि ते घरी जाण्याचा हट्ट धरून बसले होते.

दिवाळीला आम्ही एकोडीला गेलो. धानाच्या मुलखात ते दिवस मोठे देखणे असतात. हलके धान कापणीला आलेले, भारी धान अजून उभे. रोवणीच्या वेळी ज्या बांध्यांत गुडघाभर चिखल होता, त्यांचे पाणी उतरून माती घट्ट होऊ लागलेली. भाऊबीजेनंतर गावोगावच्या मंडया भरणार, म्हणून पोरासोरांची गडबड. नरकचतुर्दशीच्या सकाळी भाची मला धुऱ्याधुऱ्याने शेतावर घेऊन गेली. बरोबर मामांचा जुना गडी होता.

बांधीच्या कोपऱ्यात, जिथून बैल ये-जा करत, तिथल्या वाळत्या मातीत खुरांचे ठसे उमटले होते. भाचीने गड्याला विचारले, "हे पाऊल कोणत्या बैलाचे?"

गडी वाकलासुद्धा नाही. "हा ढवऱ्याचा खूर हाय जी. डाव्या अंगाची खुरी जराशी फुटली हाय, पाहा. पवऱ्याचा पाय यात बसतच नाई."

"बघितलेत मामा?" भाची म्हणाली. "बैल केव्हाच गोठ्यात गेला. पण मातीत त्याची जागा राहिली. त्या जागेत दुसऱ्या बैलाचा पाय बसत नाही. आता असा ठसा बैलाच्या खुराचा न घेता एका रेणूचा घेतला, तर?"

ही ती युक्ती! इंग्रजीत तिचे नाव लांबलचक आहे. आपण तिला रेणूचा ठसा घेतलेले बहुवारिक म्हणू. बहुवारिक म्हणजे छोट्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. आपले रोजचे प्लॅस्टिक हे बहुवारिकच. जो रेणू ओळखायचा, त्याच्याभोवतीच हे प्लॅस्टिक घडवायचे, मग तो रेणू धुऊन काढायचा. मागे उरते ती त्याच्या आकाराची रिकामी जागा. पुढे हजार रेणूंच्या गर्दीतून तो रेणू आला, की तो त्या जागेत बसतो. बाकीचे बाहेर राहतात.

कल्पना ऐकायला सोपी, पण तिचा प्रवास फार वळणांचा आहे. १८९४ साली एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने म्हटले, की शरीरातली विकरे आणि ती ज्यांवर काम करतात ते पदार्थ यांचे नाते कुलूप आणि किल्लीसारखे असते. योगायोग असा, की याच फिशरने १८९५ साली प्रयोगशाळेत कॅफीन बनवून दाखविले. म्हणजे कुलूप-किल्लीची उपमा आणि आमच्या चहाचा रेणू, दोन्हींवर एकाच माणसाचा हात फिरलेला आहे.

पुढे १९३१ साली सोव्हिएत संघात पोल्याकोव्ह यांना आढळले, की सिलिकाचा गोळा ज्या द्रव्याच्या सान्निध्यात वाळवावा, त्याच द्रव्याची तो पुढे विशेष ओढ दाखवितो. मग १९४० साली लायनस पॉलिंग या थोर अमेरिकन शास्त्रज्ञाने एक सिद्धांत मांडला. शरीरात परके द्रव्य शिरले, की रक्तातली प्रथिने त्या द्रव्याभोवती घडी घालून त्याच्या आकाराची होतात आणि अशी प्रतिपिंडे तयार होतात, असे त्यांचे म्हणणे. हा सिद्धांत चुकीचा निघाला. शरीर शत्रू आल्यावर मापे घेऊन कपडे शिवीत बसत नाही; त्याच्याजवळ नाना मापांचे तयार कपडे आधीच असतात, आणि जो अंगाला बसेल त्याच्या प्रती ते काढीत सुटते. परंतु पॉलिंगच्या हाताखालच्या फ्रँक डिकी या विद्यार्थ्याने ती चुकीची कल्पनाच सिलिकावर वापरून पाहिली. १९४९ साली त्याने मिथिल ऑरेंज या रंगाच्या सान्निध्यात सिलिका घडवून, मग तो रंग धुऊन काढला. ती सिलिका मिथिल ऑरेंजलाच जास्त ओढून घेऊ लागली. त्याचे भाऊबंद असलेले रंग तिला तितके रुचेनात. शरीरात जे घडत नव्हते, ते बाटलीत घडले! चुकलेल्या वाटेनेही कधी कधी गाव लागते, ते असे.

प्लॅस्टिकमध्ये हा ठसा आणला जर्मनीतल्या गुंटर वुल्फ यांनी, १९७२ साली. त्यांची रीत रेणूला पक्क्या रासायनिक बंधाने बांधून ठेवण्याची होती. स्वीडनमधल्या लुंड येथील क्लाउस मोसबाख यांनी १९८० नंतरच्या दशकात ती सैल केली. त्यांनी रेणूला बांधले नाही, नुसता त्याचा हात धरला. आणि १९९३ साली मोसबाख व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात ज्या दोन औषधांचे ठसे प्रसिद्ध केले, त्यांतले एक होते थिओफायलिन. आमच्या मामांचीच गोळी!

हे कसे केले, ते भाचीने त्या बांधीच्या धुऱ्यावर बसून मला सांगितले. गडीही ऐकत होता, आणि खरे सांगायचे तर माझ्यापेक्षा त्यालाच लवकर कळत होते.

प्रथम ठशाचा रेणू घ्यायचा, थिओफायलिन. त्याला हात देणारे छोटे रेणू त्याच्याभोवती जमवायचे. मोसबाख यांनी यासाठी मेथाक्रिलिक आम्ल घेतले. हे रेणू थिओफायलिनला ज्या बंधांनी धरतात, त्यांना हायड्रोजन बंध म्हणतात. हे बंध फार दुबळे, हातात हात धरल्यासारखे. पण एकाच वेळी तिघा-चौघांनी धरले, की पकड चांगली बसते. मग त्यात तिसरे द्रव्य भरपूर घालायचे. याचे काम सांधे घालण्याचे, सगळ्या साखळ्या एकमेकींत गुंतवून घट्ट करण्याचे. एका ठशाच्या रेणूमागे चार हात देणारे आणि वीस सांधे घालणारे, असे प्रमाण पुष्कळदा घेतात. हे सगळे योग्य द्रावकात विरघळवून, बाटलीतली हवा काढून, रात्रभर उबेत ठेवायचे. सकाळी बाटलीत पांढरा कडक गोळा तयार! तो कुटायचा, चाळायचा आणि आम्ल घातलेल्या मद्यार्काने पुन्हा पुन्हा धुवायचा. ठशाचा रेणू निघून जातो. जागा राहते.

"सांधे इतके कशाला?" मी विचारले.

उत्तर गड्याने दिले. "रोवणीच्या चिखलात पाऊल टाकलं त राहते का जी? पाय काढला, की चिखल पुन्हा एक होते. आन् उन्हाळ्यातल्या भुईवर पाय आपटला, त उमटतच नाई. माती बेताची पायजे."

भाचीने टाळी वाजविली. या शास्त्रातली सारी करामत 'बेताची माती' करण्यात आहे. सांधे कमी पडले, तर धुताना जागा मिटून जाते. सांधे फार झाले, तर ठशाचा रेणू आतच अडकून बसतो आणि नव्याला शिरायला वाट राहत नाही. द्रावकाचे कामही नुसते विरघळविण्याचे नसते. गोळा बनताना द्रावक जिथे जिथे असतो, तिथे तिथे बारीक भोके राहतात. वाळत्या मातीला जशा भेगा पडाव्यात तशी. त्या भोकांतूनच रेणू आतल्या ठशापर्यंत पोचतात. शिवाय प्रत्येक वेळी एक गोळा ठशाचा रेणू न घालताही करायचा. ज्या मातीवरून बैल गेलाच नाही, अशी ही माती. तिच्याशी तुलना केली, म्हणजे ओढ खरोखर ठशाची आहे, की माती मुळातच चिकट आहे, ते कळते. प्रामाणिकपणाची ही रीत मला फार आवडली. आम्हां साहित्यवाल्यांकडे ती असती, तर अर्धी समीक्षा लिहायची राहून गेली असती!

आता कॅफीनला ही माती बाहेर कशी ठेवते? ज्या ठिकाणी थिओफायलिन आपला हायड्रोजन पुढे करून हात मिळवितो, नेमक्या त्याच ठिकाणी कॅफीनचा तिसरा गोंडा आडवा येतो. हातही मिळत नाही आणि अंगही आत मावत नाही. ढवऱ्याच्या ठशात पवऱ्याचा पाय.

आणि मोजायचे कसे? त्यासाठी आपल्या एस. टी.च्या गाडीची आठवण करावी. समजा, गाडीत मोजक्या जागा आहेत. काही उतारूंच्या टोप्या लाल आहेत. असे किती आहेत, ते आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्यात बिनटोपीचे अनोळखी उतारू सोडले. सगळे एकदम घुसले. आता बसलेल्यांत लाल टोप्या जितक्या कमी, तितके बिनटोपीवाले जास्त आलेले असणार. मोसबाख यांनी किरणोत्सर्गी खूण केलेल्या थिओफायलिनला ही लाल टोपी घातली, आणि रुग्णाच्या रक्तातून काढलेल्या थिओफायलिनशी त्याची जागेसाठी झोंबाझोंबी लावून दिली. या झोंबाझोंबीत कॅफीनचा वाटा शेकडा १ सुद्धा भरला नाही. प्राण्यांच्या शरीरातून मिळविलेली प्रतिपिंडे जे काम करतात, ते या निर्जीव प्लॅस्टिकने जवळजवळ त्याच कसोटीने करून दाखविले.

एवढे ऐकून माझा मराठी बाणा जागा झाला. "हे सगळे जर्मन आणि स्वीडिश! आपल्याकडे कोणी काही केले की नाही?"

केले आहे, आणि तेही पुण्यात. पाषाणच्या बाजूला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. १९५० सालच्या ३ जानेवारीला पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. गोव्यातल्या माशेलात जन्मलेले आणि मुंबईत गरिबीत शिकलेले डॉ. रघुनाथ माशेलकर १९८९ ते १९९५ या काळात तिचे संचालक होते. डॉ. एम. जी. कुलकर्णी आणि डॉ. माशेलकर यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह या ठशांच्या विद्येत हात घातला, आणि प्रश्न निवडला तो नुसत्या ओळखीच्या पुढचा. आपल्या पोटात कायमोट्रिप्सिन नावाचे एक विकर असते. अन्नातली प्रथिने ओळखायची, आणि ओळखून ठरावीक जागी तोडायची, हे त्याचे काम. ते तोडण्याचे काम त्यातले तीन घटक मिळून करतात: सेरीन, हिस्टिडीन आणि ॲस्पार्टिक आम्ल. निसर्गाने ही त्रिमूर्ती अगदी नेमक्या अंतरावर बसविलेली आहे. पुण्याच्या मंडळींनी तेच तीन घटक ठशाच्या रेणूभोवती जमवून कृत्रिम बहुवारिकात गोठविले, आणि त्या बहुवारिकाला विकरासारखे काम करायला लावले. १९९६ साली 'मॅक्रोमॉलिक्यूल्स' या नियतकालिकात आणि १९९९ साली आणखी निबंधांतून हे काम प्रसिद्ध झाले. निसर्गाच्या विकराचा वेग या प्लॅस्टिकला आला नाही. तो कोणाच्याच हाती अजून पुरता लागलेला नाही. पण माती नुसती पाऊल ओळखते असे नाही, तर आलेल्याला कामालाही लावू शकते, हे पुण्यात दिसले.

मी उत्साहाने म्हणालो, "मग आता अडले कुठे? साकोलीच्या दवाखान्यात हे का नाही? आबाजींच्या अहवालाला तीन दिवस का लागले?"

भाची लगेच बोलली नाही. मग तिने पुन्हा त्या ठशांकडे बोट केले. "नीट बघा. ढवऱ्या दर वेळी सरळ चालला आहे का? हे पाऊल घसरले आहे. हे दुसऱ्यावर पडले आहे. हे अर्धेच उमटले आहे. आमच्या गोळ्यातही तसेच असते. चांगल्या जागा थोड्या, अर्ध्यामुर्ध्या जागा पुष्कळ. कितीही धुतले तरी ठशाचे काही रेणू आत दडून राहतात आणि मोजणीच्या वेळी हळूच बाहेर येऊन घोटाळा करतात. आणि सर्वांत मोठी अडचण पाण्याची. हात धरण्याचा हा बंध पाण्याला फार आवडतो. पाणी मध्ये घुसून सगळ्यांचे हात आपणच धरते. रक्त म्हणजे तरी बहुतांशी पाणीच. मोसबाखनी म्हणून रक्तातले औषध आधी दुसऱ्या द्रावकात उतरवून घेतले होते. ते काम खेड्यातल्या दवाखान्यात कोण करणार?"

म्हणून आज ही विद्या मुख्यतः मोठ्या प्रयोगशाळांतून राबते. दूध, मध, मूत्र अशा गिचमिडीच्या पदार्थांतून एखादे औषध किंवा विषारी द्रव्य तेवढे वेचून काढणाऱ्या ठशाच्या नळ्या बाजारात मिळतात. वेचलेले मग यंत्राने मोजायचे. कोणत्या रेणूला कोणते हात द्यावेत, हे पूर्वी अंदाजाने ठरवीत. आता ते आधी संगणकावर ताडून पाहतात. मूळच्या युक्रेनच्या आणि इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या सर्गेई पिलेत्स्की यांनी हा रस्ता रुळविला. गोळा कुटण्याऐवजी अतिसूक्ष्म कणच सरळ बनविण्याच्या रीतीही निघाल्या आहेत. प्रथिनांसारख्या अवाढव्य, मऊ रेणूंचा सबंध ठसा घेणे अवघड. म्हणून त्यांच्या एखाद्या टोकाचाच ठसा घेण्याची वाट निघाली आहे.

"मग तू यात का पडलीस?" मी विचारले. "जे अजून दवाखान्यापर्यंत पोचलेले नाही, त्यासाठी आयुष्याची वर्षे?"

"प्रतिपिंडांना थंड ठेवावे लागते, मामा. इथे मे महिन्यात वीज गेली, की शीतकपाटातले दूधदेखील नासते. ती प्राण्यांच्या किंवा पेशींच्या आधाराने करावी लागतात आणि महाग पडतात. माझी पांढरी भुकटी फडताळात डबीत घालून ठेवा. उन्हाने बिघडत नाही, आम्लाने बिघडत नाही. धुवा, पुन्हा वापरा. पाण्याची अडचण सुटली, तर ती साकोलीलाच काय, एकोडीलाही राहू शकेल." जरा थांबून ती म्हणाली, "त्या तीन दिवसांत आपण बाकावर बसलो होतो ना, तेव्हापासून मला हा प्रश्न पुस्तकातला वाटत नाही."

मी काही बोललो नाही. शपथ तिने घातली होती. आजोबांना बिडी सोडायला लावली ती तिनेच, आणि ते तीन दिवस तिच्या मनात काय चालले असेल, याचा विचार मी, चांगला चाळिशी उलटलेला तिचा मामा, दिवाळीपर्यंत केला नव्हता.

आम्ही घरी आलो, तेव्हा मामी उंबरठ्यापासून देवघरापर्यंत रांगोळीने लक्ष्मीची पावले काढत होत्या. लक्ष्मी यायची होती रात्री. तिची जागा सकाळीच तयार होत होती. भाचीने माझ्याकडे पाहून नुसते डोळे मिचकावले. मामा ओसरीवर बसले होते. तोंडात बिडी नव्हती. कानामागे, जिथे पूर्वी बिडी खोचलेली असे, तिथे पूजेतले झेंडूचे फूल होते. नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांची गोळी बदलली होती. चहावर बंदी नव्हती, पण मामींनी ती आपल्या अधिकारात घातली होती.

"कायची येवढी चर्चा चालली होती धुऱ्यावर?" त्यांनी विचारले.

भाचीने त्यांना सगळे थोडक्यात सांगितले. चहातला भाऊ, गोळीतला भाऊ, तिसरा गोंडा आणि ढवऱ्याचा खूर. मामांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हंजे तुही ती भुकटी चहा ओरखते, गोरी ओरखते. मले येवढंच सांग पोरी, ती तुह्या आजीच्या अर्ध्या कपाचा चहा तरी चहा म्हनून ओरखन का?"

सगळे हसले. मामी हसल्या नाहीत. पण थोड्या वेळाने आतून कप आला, तो काठोकाठ भरलेला होता. मामांनी तो दोन्ही हातांनी धरला. बशी वाजली नाही.